‘माहीत नाही’ला रकाना नव्हता

कंबोडियात १९६२ नंतर जनगणना झाली ती थेट १९९८ साली. १९६२ मध्ये मोजलेली माणसं होती ५७ लाख २८ हजार. त्यानंतर अमेरिकेची बॉम्बफेक, १९७० पासून यादवी, १७ एप्रिल १९७५ ला ख्मेर रूज या कम्युनिस्ट गटाचं राज्य, जानेवारी १९७९ मध्ये व्हिएतनामी फौजा, मग थायलंडच्या सीमेवरच्या छावण्या, १९९१ चा पॅरिस करार आणि १९९३ ची संयुक्त राष्ट्रांनी घेतलेली निवडणूक. एवढं होऊन गेल्यावर देशात माणसं किती उरली, ते कोणालाच धड सांगता येत नव्हतं. १९८० मध्ये स्थानिक अधिकाऱ्यांकडून आकडे मागवून सुमारे ६६ लाखांची एक बेरीज झाली होती, पण तिला जनगणना म्हणायला कोणी धजत नव्हतं.

१९९८ च्या मोजणीला तांत्रिक मदत करणाऱ्या लोकांत मीही होते. हुद्दा फार मोठा नव्हता. देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेत शिकलेली, १९९१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात काम केलेली, त्यामुळे प्रगणकांचं प्रशिक्षण, अर्जांची तपासणी आणि नंतरचं संकेतांकन (उत्तरांना आकडी संकेत देणं) बघायला मला पाठवलं गेलं. पैसा मुख्यतः संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीचा, काम तिथल्या राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेचं. घरी अर्थातच विरोध. जुलै १९९७ मध्ये राजधानी नॉम पेनच्या रस्त्यांवर दोन पंतप्रधानांच्या सैन्यांत लढाई झाली होती, ती बातमी सासूबाईंनी पेपरात वाचली होती. (हो, देशाला त्या वेळी दोन पंतप्रधान होते. पहिला आणि दुसरा. पहिल्याला दुसऱ्याने घालवला.) “मोजायला आपल्याकडे माणसं कमी आहेत का?” हा त्यांचा प्रश्न तसा बिनतोड होता.

मी पोहोचले तेव्हा नकाशांचं काम उरकत आलं होतं. जनगणनेतलं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम हेच. गाव कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं ते ठरल्याशिवाय कोणता मास्तर कोणती घरं मोजणार, हे ठरत नाही. आपल्याकडे तलाठ्याकडे गावनकाशा असतो, त्यावरून नजरी नकाशा काढला की गणन गट पाडता येतात. तिथे ख्मेर रूजने जमिनीची कागदपत्रं नष्ट केली होती, लोकांना गावांतून उठवून दुसरीकडे नेलं होतं, आणि परतलेले लोक जुन्या जागी न बसता रस्त्याच्या कडेने बसले होते, कारण जुन्या जागी सुरुंग होते. तेरा हजारांच्या वर गावांचे नकाशे हाताने काढावे लागले. काही नकाशांवर गावाची हद्द एका बाजूला नुसती तुटक रेषा होती आणि पलीकडे कवटीची खूण. त्या बाजूला घर नाही हे कोणी जाऊन बघितलं नव्हतं. सरपणालाही तिकडे कोणी जात नाही असं गावकऱ्यांनी सांगितलं आणि तेवढ्यावर हद्द ठरली. मला ते पटलं. शंभर टक्के व्याप्तीसाठी मास्तरांचे पाय घालवायचे नसतात.

मास्तर म्हणजे शाळेतलेच मास्तर. प्रगणक म्हणून शिक्षकांना जुंपायचं, हे भारतात होतं तसंच तिथेही. माझ्या वाट्याला पोसात प्रांत आला होता, राजधानीपासून वायव्येला, पाच नंबरच्या महामार्गावर. महामार्ग हे नाव. खड्डे चुकवत दोनशे किलोमीटरला अख्खा दिवस जायचा. रेल्वे त्याहून हळू. त्या रेल्वेत इंजिनाच्या पुढे ढकलत नेलेल्या सपाट वाघिणीवर बसलं तर तिकीट पडत नाही असं मला सांगितलं गेलं, आणि का पडत नाही तेही. सुरुंग फुटला तर पहिल्यांदा ती वाघीण उडते. आम्ही जीपने गेलो.

प्रशिक्षण एका शाळेत होतं. बाकांवर पंचवीस-तिशीतले तरुण शिक्षक जास्त, पन्नाशीच्या पुढचे अगदी मोजके. त्याचं कारण विचारायची गरज नव्हती. ख्मेर रूजच्या काळात शिक्षक असणं हाच गुन्हा होता. त्यांच्यातले एक वयस्क मुख्याध्यापक पर्यवेक्षक म्हणून आले होते. माझी दुभाषी त्यांना ‘लोक क्रू’ म्हणायची, गुरुजी म्हणावं तसं. अर्जातला शिक्षणाचा प्रश्न शिकवत असताना त्यांनी हात वर केला आणि शांतपणे म्हणाले, “या प्रश्नाला म्हातारी माणसं खोटं सांगणार. मीही सांगितलं होतं.” १९७५ मध्ये शहरातून बाहेर काढलेल्या लोकांना आपली जीवनकथा लिहून द्यावी लागायची: बाप कोण, काम काय, शिकलास किती. ती पुन्हा पुन्हा लिहायला लावायचे आणि आधीच्याशी ताडून बघायचे. लोक क्रूंनी दर वेळी एकच लिहिलं, भाजी विकत होतो, सही येत नाही. अंगठा. त्यांच्याबरोबरच्या ज्या शिक्षकांनी खरं लिहिलं, त्यांना पुढच्या शिक्षणासाठी बोलावलंय असं सांगून नेलं.

तर अशा देशात आम्ही घरोघर जाऊन विचारणार होतो: नाव काय, वय काय, शिकलात किती, जन्म कुठला, इथे कुठून आलात, का आलात. हातात यादी घेऊन. आमच्या पुस्तिकेत गोपनीयतेवर एक छान परिच्छेद होता, माहिती फक्त सांख्यिकीसाठी वापरली जाईल वगैरे. लोक क्रूंनी तो वाचून बाजूला ठेवला आणि आपल्या शिक्षकांना वेगळंच शिकवलं. आधी बसा. पाणी मागा. आपण कोणाचे कोण ते सांगा. पोरांच्या अभ्यासाबद्दल बोला. अर्ज मग काढा. आणि अर्ज असा धरा की समोरच्याला दिसेल आपण काय लिहितोय. हे शेवटचं मी लगेच बाकीच्या तालुक्यांच्या प्रशिक्षणातही घातलं. भारतात आपण अर्ज मांडीवर धरून लिहितो, समोरच्याला कागदाची मागची बाजू दिसते. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

दुसरी भानगड निवडणुकीची. जुलै १९९८ मध्ये मतदान होणार होतं, त्यामुळे बऱ्याच लोकांना वाटे की ही मतदारनोंदणीच आहे. काहींना वाटे तांदूळ मिळणार. तांदूळ मिळणार असं वाटलं की कुटुंब फुगतं, सैन्यात भरती होणार असं वाटलं की तरुण मुलगे गायब होतात. भीती आणि आशा दोन्ही एकाच गावात, कधी एकाच घरात. हे मात्र मला ओळखीचं होतं. रेशनकार्डाच्या आशेने वाढलेली कुटुंबं मी धारावीत पाहिली होती.

मोजणीचा क्षण होता ३ मार्चची मध्यरात्र. आपल्याकडे १९९१ मध्ये १ मार्चचा सूर्योदय धरला होता. पण आपण माणूस नेहमी राहतो तिथे त्याला मोजतो आणि आधीच वीस दिवस फिरून नंतर उजळणी करतो. तिथे नियम कडक: त्या रात्री जो जिथे झोपला, तिथे तो मोजायचा. त्याच रात्री बेघर, बंदरावरचे, बसस्थानकावरचे लोक मोजून झाले, आणि पुढचे दहाएक दिवस घरोघर. भिक्खूंचे विहार, इस्पितळं, तुरुंग यांच्यासाठी वेगळी व्यवस्था. शाळांना अर्थात सुट्टी, पोरं खूश.

वय विचारताना काय होतं, याची मला सगळ्यात जास्त धास्ती होती. जन्मदाखला कोणाकडे असणं शक्यच नव्हतं. महाराष्ट्रात आपण म्हातारीला विचारतो, पानशेत फुटलं तेव्हा केवढ्या होतात, कोयनेच्या भूकंपाला पदरात मूल होतं का, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेला होतात का. आणि एवढं करूनही तक्त्यात तीस, पस्तीस, चाळीस या वयांवर ढीग लागतात, एकतीस आणि एकोणचाळीसवर खड्डे. कंबोडियात मी तसेच ढीग अपेक्षित धरले होते. ते फारसे आलेच नाहीत. कारण अगदी साधं. प्रत्येक ख्मेर, म्हणजे कंबोडियन, माणसाला आपलं साल ठाऊक असतं: उंदीर, बैल, वाघ, ससा, अशी बारा प्राण्यांची साखळी. लग्न जुळवताना ते लागतं, म्हणून कोणी विसरत नाही. ‘उंदराचं साल’ असं म्हातारीने सांगितलं की प्रगणकाने तक्ता उघडायचा: उंदीर म्हणजे वय ४९ किंवा ६१ किंवा ७३. समोर बसलेली बाई यांतली कोणती, एवढंच ठरवायचं. बारा वर्षांचं अंतर डोळ्यांना कळतं. घर गेलं, कागद गेले, नाव बदलून जगले, पण साल कोणी बदललं नाही. सगळं कोसळलेल्या त्या देशात वयाची माहिती आपल्यापेक्षा चोख निघाली, याचं मला अजून नवल वाटतं.

अडचण आली ती जिथे आम्ही अपेक्षाच केली नव्हती तिथे.

अर्जाचा पहिला भाग म्हणजे घरातल्या माणसांची यादी, तीन तुकड्यांत. नेहमी राहणारे आणि त्या रात्री हजर असलेले. त्या रात्री आलेले पाहुणे. आणि नेहमी राहणारे पण त्या रात्री घरी नसलेले. तिसरा तुकडा केवळ ताळा घालण्यासाठी. बापई शहरात कामाला गेला असेल तर तो तिथे मोजला जाईल, इथे नुसती नोंद. भारतात अशा यादीवर कोणी थांबत नाही. पोसातमध्ये पहिल्याच फेरीत एक तरुण शिक्षक अर्ज घेऊन माझ्याकडे आला. तिसऱ्या तुकड्यात त्याने तीन नावं लिहिली होती आणि त्यांपुढे वयं लिहिली होती नऊ, बारा, सतरा. नऊ वर्षांचं मूल एकटं कुठे गेलं म्हणून मी विचारलं. तो म्हणाला, १९७७ मध्ये गेलं. मुलांच्या पथकात कालवा खणायला नेलं होतं. आई म्हणते, ते मेल्याचं कोणी सांगितलं नाही, म्हणून ‘घरी नसलेले’ इथेच लिही.

नियमाप्रमाणे ती नावं काढायची होती. थोड्या काळासाठी बाहेर असलेल्यांनाच तिथे जागा. शिक्षकालाही ते कळत होतं. चुकलंय म्हणून तो आला नव्हता. काढायचं तर तिला काय सांगू, हे विचारायला आला होता. मी दुभाषी मुलीकडे पाहिलं, ती खाली बघत होती. लोक क्रू म्हणाले, नावं राहू देत, बाजूला खूण कर, कार्यालयात ती मोजली जाणार नाहीत. मग माझ्याकडे वळून, “बरोबर ना?” बरोबरच होतं. त्या तुकड्यातली माणसं बेरजेत जातच नव्हती. मुंबईच्या माझ्या वरिष्ठांनी अर्ज अस्वच्छ म्हणून परत पाठवला असता, पण मुंबईत १९७७ तसं गेलं नव्हतं.

मग अशा खुणा येतच राहिल्या. आणि तीच गाठ प्रत्येक भागात नव्याने पडायची. वैवाहिक स्थिती: अविवाहित, विवाहित, विधवा, घटस्फोटित, विभक्त. नवऱ्याला १९७६ साली नेलं, परत आला नाही, कोणी प्रेत पाहिलं नाही. बाई कोण? शिक्षक म्हणायचे विधवा. बायका तसं म्हणायच्या नाहीत. ‘विभक्त’ हा पर्याय भांडून वेगळ्या झालेल्यांसाठी होता, पण काही बायकांनी तो शब्द ऐकून मान हलवली, हो, आम्हाला वेगळं केलं. शेवटी सूचना गेली की बाई सांगेल ते लिहा, आपल्या मनाने विधवा करू नका. सांख्यिकीच्या दृष्टीने हे गचाळ आहे. तक्त्यात ‘विवाहित’ म्हणून दिसणाऱ्या सगळ्या बायकांना नवरा आहे असं समजणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

प्रजननाचे प्रश्न बायकांनाच विचारायचे होते, म्हणून काही घरांत मी प्रगणक बाईंबरोबर बसले. एकूण किती मुलं जिवंत जन्मली? त्यातली किती आज जिवंत आहेत (या घरात किती, दुसरीकडे किती), किती वारली? जन्मदर आणि बालमृत्यू काढायला जगभर हेच प्रश्न विचारतात, आणि त्यांची गंमत अशी की सगळ्या अर्जात मेलेल्या माणसांना जागा असलेली ही एकच ओळ. एक याय (आजीला तसं म्हणतात) सुपारी कातरत बसली होती. जन्मली नऊ. जिवंत तीन. वारली चार. प्रगणक बाईंनी बोटांवर मोजलं आणि म्हणाल्या, याय, सात झाले. आजी म्हणाली, सातच. दोघांचं माहीत नाही. एक थायलंडच्या बाजूला पळाला होता, कोणी म्हणतं अमेरिकेत आहे. मुलगी बायकांच्या तुकडीत होती, बट्टंबाँगकडे नेली. मग ‘जिवंत’ लिहू का, प्रगणक बाईंनी विचारलं. आजी म्हणाली, लिही, आणि मग लगेच म्हणाली, नको, लिहू नको, नशिबाला का छेडा.

नऊ बरोबर तीन अधिक चार अधिक शून्य. हा अर्ज संगणकात गेला की चूक म्हणून बाहेर पडणार. तपासणीची आज्ञावलीच तशी लिहिलेली होती: जन्मलेली बरोबर जिवंत अधिक मृत, नसेल तर परत पाठवा. मी त्या आज्ञावलीचं कौतुक करणाऱ्यांतली होते. प्रगणक बाईंनी थोडा विचार करून ‘वारली’ पुढे चार ठेवले, ‘दुसरीकडे राहतात’ पुढे दोन लिहिले, आणि आजीला कागद दाखवला. आजीला वाचता येत नव्हतं. दोन कुठे आहेत ते तिने बोटाने दाखवून घेतलं. बेरीज नऊ. अर्ज शुद्ध. खरा की खोटा, ते मला आजही ठरवता येत नाही. प्रगणक बाईंच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

स्थलांतराच्या कारणांत मात्र अर्जाने शहाणपण दाखवलं होतं. नोकरी, लग्न, शिक्षण या नेहमीच्या पर्यायांबरोबर ‘विस्थापनानंतर परत’ असा वेगळा पर्याय ठेवला होता. १९९२-९३ मध्ये सीमेवरच्या छावण्यांतून साडेतीन लाखांवर लोक परत आले होते, त्यांच्यासाठी. पण परत म्हणजे कुठे? जन्म ताकेओचा, १९७५ मध्ये पोसातला हाकललेला, १९७९ मध्ये छावणीत, १९९३ मध्ये पुन्हा पोसातला, कारण छावणीत भेटलेली बायको इथली. ‘मागचं राहण्याचं ठिकाण’ असं विचारलं की लोक हसायचे. कितवं मागचं?

तोनले साप सरोवरावरच्या गावांबद्दल न सांगता पुढे जाता येत नाही. क्राकोरजवळ कंपाँग लुआँग नावाचं आख्खं गाव तरंगतं. घरं, दुकानं, शाळा, डुकरांचे पिंजरे, सगळं बांबूच्या तराफ्यांवर. सरोवराचं पाणी पावसाळ्यात पसरतं आणि मार्चपर्यंत आटत जातं, तसं गावही सरकतं. म्हणजे नकाशा काढला तेव्हा गाव जिथे होतं तिथे मोजणीच्या वेळी चिखल. घरांना दिलेले क्रमांक क्रमाने राहिले नव्हते. तराफे सोडून पुन्हा बांधताना जो जिथे बसला तो तिथे. प्रगणकांनी होडीतून फिरून ज्याची मोजणी झाली त्याच्या खांबाला खडूची खूण केली, आणि खडू पाण्याने पुसला जातो हे दुपारी कळल्यावर चिंध्या बांधल्या.

तिथे अडचण वेगळीच होती. वस्तीत व्हिएतनामी बरेच. मार्च १९९३ मध्ये याच सरोवरावर, सियाम रीपच्या बाजूला चाँग क्नेआसमध्ये ख्मेर रूजने तीसहून जास्त व्हिएतनामींना एका रात्रीत मारलं होतं. राजकारणात त्यांच्या संख्येवरून रोज तोंडाला येईल तो आकडा फेकला जाई. अर्जात वंश विचारलेला नव्हता. मातृभाषा आणि धर्म विचारले होते. मला वाटतं तो निर्णय बरोबर होता. वंश विचारला असता तर उत्तर मिळालं नसतं, आणि मिळालं असतं तर त्याचं काय झालं असतं कोण जाणे. पण मातृभाषेच्या प्रश्नावरही होडीत बसलेली माणसं आधी एकमेकांकडे बघायची आणि मग सगळी मिळून ‘ख्मेर’ म्हणायची, घरात पोरं व्हिएतनामीत भांडत असताना. प्रगणकाने लिहिलं ‘ख्मेर’. सांगतील ते लिहायचं, हा नियम सोयीपुरता पाळून चालत नाही.

पोसातच्या पश्चिमेला कार्दामोम डोंगरांत वेआल वेंग हा तालुका. तिथे कोणीच गेलं नाही. उरलेल्या ख्मेर रूजशी लढाई चालू होती. बट्टंबाँगमधला साम्लाउत, उत्तरेचा आँलाँग वेंग आणि हा, असे तीन तालुके जनगणनेबाहेर राहिले; तिथे अंदाजे ४५ हजार माणसं असावीत असं अहवालात लिहिलं गेलं. आमच्या भिंतीवरच्या प्रांताच्या नकाशात वेआल वेंगचा भाग तिरक्या रेघांनी भरला होता. कोणी परदेशी पाहुणा आला की त्या रेघांवर बोट ठेवायचा आणि जनगणना अपुरी राहिल्याबद्दल खेद व्यक्त करायचा. मी त्यांना सांगायचे, भारतात १९८१ मध्ये आसाम मोजला नाही आणि १९९१ मध्ये जम्मू-काश्मीर मोजला नाही. आणि आम्ही तर युद्धातून बाहेर पडलेला देश नव्हतो. मोजणी संपून महिना-दीड महिना झाला आणि १५ एप्रिलला आँलाँग वेंगच्या बाजूला ख्मेर रूजचा म्होरक्या पॉल पॉट मेला. म्हणजे ३ मार्चच्या रात्री तो जिवंत होता आणि मोजणीच्या बाहेर होता.

यानंतरचं काम नॉम पेनमध्ये, मोनिवाँग रस्त्यावरच्या कार्यालयात. एकवीस लाखांवर कुटुंबांचे अर्ज, गठ्ठे, धूळ, जाणारी वीज, जनरेटर. संकेतांकनाचं वर्णन करण्यात अर्थ नाही. ते जगात सगळीकडे सारखंच रटाळ असतं. एकच आठवण सांगते. व्यवसायांच्या आंतरराष्ट्रीय यादीत ‘सुरुंग काढणारा’ कुठे बसवायचा यावर दोन मुली दुपारभर वाद घालत होत्या. एकीच्या मते सैनिक, दुसरीच्या मते शेतमजूर, कारण तो करतो शेवटी जमीन साफच.

ऑगस्टमध्ये प्राथमिक आकडा जाहीर झाला, पुढच्या वर्षी अंतिम: १ कोटी १४ लाख ३७ हजार ६५६. नॉम पेनची लोकसंख्या ९ लाख ९९ हजार ८०४ आली. दहा लाखांना १९६ कमी. एका तरुण सहकाऱ्याने, खरं तर गमतीनेच, विचारलं की १९६ माणसं अजून शोधू या का. हे तेच शहर, जे १९७५ मध्ये काही दिवसांत रिकामं केलं गेलं होतं.

मला वैयक्तिकरीत्या चक्रावून टाकलं ते स्त्री-पुरुष प्रमाणाने. आपण हजार पुरुषांमागे स्त्रिया मोजतो: १९९१ मध्ये भारतात ९२७, महाराष्ट्रात ९३४. त्या ‘गायब मुलीं’वर आमची पिढी लिहीत आणि बोलत होती. कंबोडियात शंभर स्त्रियांमागे पुरुष ९३. आपल्या पद्धतीने उलटवलं तर हजार पुरुषांमागे १०७५ च्या आसपास स्त्रिया. कॅल्क्युलेटरवर मी ते दोनदा केलं. आणि वय वाढत गेलं की पुरुषांची बाजू आणखी रोडावत जाते, कारण ज्यांना नेलं त्यात ते जास्त होते. चारातल्या एकाहून थोड्या जास्त घरांची कुटुंबप्रमुख बाई.

वयाचा मनोरा छापून आला तेव्हा टेबलाभोवती आम्ही पाच-सहा जण होतो. तळ रुंद, चाळीस टक्क्यांहून जास्त लोक पंधरा वर्षांच्या आतले, १९७९ नंतर जन्मलेल्या लाटेतले. आणि २० ते २४ या पट्टीवर कमरेसारखी खाच. खालची पट्टी मोठी, वरचीही मोठी. न जन्मलेली आणि जन्मून न वाचलेली मुलं. माझ्या दुभाषीने त्या पट्टीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, “बाँग (ताई), ही मी.” वय एकवीस, सापाचं साल. तिच्या वर्गात मुलं नेहमीच कमी असायची, तिला वाटायचं शाळा लहान म्हणून.

युद्धात आणि ख्मेर रूजच्या काळात किती मेले, हा आकडा या जनगणनेतून थेट निघत नाही. तसं बऱ्याच लोकांना वाटतं, पत्रकारांना विशेषतः. १९६२ पासून पुढे सरकवत यायचं, जन्म किती झाले असते आणि मृत्यू किती झाले असते हे गृहीत धरायचं, देश सोडून गेलेले वजा करायचे आणि १९९८ च्या तक्त्याशी ताडायचं. गृहीतकं हलवली की लाखांनी फरक पडतो. एकट्या ख्मेर रूजच्या काळासाठी साधारण १५ ते २० लाख, हा नेहमी दिला जाणारा अंदाज. याय जिला ‘दुसरीकडे राहतात’ मध्ये ठेवून गेली ती मुलगी या अंदाजात आहे की नाही, हे कोणी सांगू शकणार नाही.

३ मार्च २००८ ला कंबोडियाने पुन्हा मोजणी केली: १ कोटी ३३ लाख ९५ हजार ६८२. वेआल वेंगसकट. खाच सरकून ३० ते ३४ वर गेली होती. मी तेव्हा पुण्यात होते. अहवाल एका जुन्या सहकाऱ्याने पाठवला, त्यात अर्जाचा नमुनाही होता. एक नवा भाग वाढवलेला दिसला: घरात कोणी वारलं आहे का, वय काय होतं, कशाने. फक्त गेल्या बारा महिन्यांतले मृत्यू विचारायचे होते.